उदार आणि आझाद

'लिबरल' हा शब्द अलीकडे शिवीसारखा वापरला जातो. बहुसंख्याकांच्या सभेत त्याचा अर्थ देशाची चाड नसलेला असा होतो आणि आमच्या मोहल्ल्यात दीनाची चाड नसलेला असा. दोन्हीकडून मार खाणाऱ्या शब्दात काहीतरी दम असला पाहिजे, एवढ्या एकाच कारणासाठीही त्याच्याकडे जरा नीट पाहायला हरकत नाही.

आम्ही उर्दू माध्यमात शिकवतो आणि मराठीत लिहितो. त्यामुळे एकच कल्पना दोन भाषांत कशी वेगवेगळी बसते, हे रोज पाहायला मिळते. मराठीने लिबरलिझमसाठी 'उदारमतवाद' हा शब्द घेतला. उदार म्हणजे देणारा, सैल हाताचा. उर्दूत त्याच माणसाला 'आझाद खयाल' म्हणतात, म्हणजे ज्याच्या विचाराला बेडी नाही असा. एका भाषेने माणसाचा हात पाहिला, दुसरीने पाय पाहिले. हा भाषांतराचा योगायोग असेल. परंतु या विचारात जे दोन प्रवाह पुढे वेगळे झाले आणि आजवर एकमेकांशी भांडत आहेत, त्यांचे भांडण नेमके याच दोन शब्दांतले आहे. स्वातंत्र्य म्हणजे मोकळे सोडणे की स्वातंत्र्य म्हणजे हात देणे?

जुना, ज्याला अभिजात म्हणतात तो उदारमतवाद आझादीचा आहे. राजा, चर्च आणि सरंजामदार यांच्या जोखडातून सुटू पाहणाऱ्या युरोपातल्या लोकांनी तो घडवला. सरकार म्हणजे ईश्वराने बहाल केलेली गादी नव्हे, तर माणसांनी आपला जीव, आपले स्वातंत्र्य आणि आपली मालमत्ता राखण्यासाठी नेमलेला राखणदार आहे, अशी मांडणी जॉन लॉकने १६८९ मध्ये केली. राखणदाराने राखण करावी. घरात काय शिजते, कोण कोणत्या दिशेला तोंड करून प्रार्थना करतो, हे पाहू नये. १७७६ मध्ये ॲडम स्मिथने व्यापाराबाबत जवळपास हेच सांगितले. सरकारने देशाचे रक्षण करावे, न्याय द्यावा आणि काही सार्वजनिक कामे करावीत. (या सार्वजनिक कामांत गरिबांच्या मुलांचे शिक्षणही स्मिथने धरले होते, हे त्याचे नाव घेऊन शाळांचे अनुदान कापू पाहणारे सोयीने विसरतात.)

पुढे इंग्लंडात गिरण्या आल्या. त्या गिरण्यांत कोवळी मुले राबू लागली आणि या विचारापुढे अडचण उभी राहिली. मालक म्हणे, मजूर आपल्या मर्जीने आला आहे, करार आहे, सरकारने मध्ये पडू नये. कायद्याच्या भाषेत ते खरेच होते. पण ज्याच्या घरी रात्रीची भाकरी नाही त्याच्या मर्जीला काय अर्थ? ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ टी. एच. ग्रीन याने १८८१ मध्ये लेस्टर येथे दिलेल्या व्याख्यानात हा प्रश्न सरळ हातात घेतला. कोणी अडवत नाही एवढ्याने माणूस स्वतंत्र होत नाही. काहीतरी करण्याजोगे करता येण्याची ताकद असली तर तो स्वतंत्र, आणि ती ताकद सर्वांना यावी म्हणून कायद्याने करारात हात घालावा, असे त्याचे म्हणणे. १९११ मध्ये हॉबहाउसने याच धाग्यावर पुस्तक लिहिले, १९४२ मध्ये बेव्हरिजचा अहवाल आला आणि नंतर कल्याणकारी राज्य उभे राहिले. हा आधुनिक उदारमतवाद, उदार हाताचा. त्यावर हायेकने १९४४ मध्ये इशारा दिला की देणारा हात वाढत गेला की तोच गळ्यापर्यंत पोहोचतो. आपल्याकडे १९९१ नंतर ज्याला 'नवउदारमतवाद' म्हटले जाते तो नाव नवे असले तरी बराचसा जुन्याकडे परतलेला आहे. नावांच्या या घोळात बी.ए.ची मुले हमखास अडकतात आणि त्यांचा दोष नाही.

दोन प्रवाहांच्या मधोमध जॉन स्टुअर्ट मिल उभा आहे. १८५९ च्या त्याच्या 'ऑन लिबर्टी' या पुस्तकाचा शेवटचा भाग शिक्षकाने तरी वाचावा. व्यक्तीला मोकळे सोडा असे आयुष्यभर सांगणारा हा माणूस तिथे म्हणतो की मुलाला शिकवणे सरकारने बापावर सक्तीचे करावे. कारण बापाचे स्वातंत्र्य म्हणजे मुलावरची मालकी नव्हे. मूल ही वेगळी व्यक्ती आहे. पण सगळ्या शाळा सरकारने स्वतः चालवू नयेत, नाहीतर सगळी माणसे एकाच साच्यातून निघतील. शाळा लोकांनी काढाव्यात, सरकारने परीक्षा घ्यावी. ही अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे तिच्याकडे यावे लागेल.

हे सगळे परदेशातले म्हणून बाजूला ठेवायचे कारण नाही. हाच वाद महाराष्ट्रात, मराठीत, पुण्यामुंबईत दीडशे वर्षे चालू आहे.

१८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग आला. त्याच्यापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या घामाने भरते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. हे उलटे करा, बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी. लेस्टरच्या व्याख्यानाला तेव्हा पुरते दोन वर्षेही झाली नव्हती आणि फुल्यांनी ते वाचले असण्याची गरजही नव्हती. उपाशी माणसाच्या 'मर्जी'चा अर्थ त्यांना पुस्तकातून शिकायचा नव्हता. शाळेचे दार उघडे आहे, कोणीही या, असे सांगून शूद्रातिशूद्रांची मुले येत नाहीत, हे त्यांनी शाळा चालवून पाहिले होते.

दहा वर्षांनी, १८९२ मध्ये, न्यायमूर्ती रानडे यांनी डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्लंडात सोयीचा ठरलेला खुल्या स्पर्धेचा नियम सर्व काळी, सर्व देशांना लागू पडतो हे त्यांनी नाकारले आणि मागे पडलेल्या देशात सरकारने उद्योगांना हात द्यावा असे सांगितले. रानड्यांचे शिष्य गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. लोकांची तशी मागणी नाही, खर्च झेपणार नाही, असे आक्षेप निघाले आणि १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. त्या तेरांच्या बाजूने बोलणाऱ्यांत मुंबईच्या मुसलमानांचे प्रतिनिधी महंमद अली जिना होते. आजच्या दोन्ही देशांतल्या शालेय पुस्तकांना ही गोष्ट अडचणीची असावी. कोणाच्या धड्यात ती आम्हांला आढळली नाही. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचे शिक्षण सुरू करून दाखवले.

तथापि फुले आणि गोखले बरोबर होते म्हणून विषय संपत नाही. १८९१ चे संमतिवयाचे प्रकरण आठवावे. बंगालमध्ये फुलमणी दासी ही कोवळी मुलगी नवऱ्याच्या अत्याचाराने मेली आणि संमतिवय दहावरून बारा करण्याचा कायदा पुढे आला. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. टिळक विरोधात गेले. मुलीचे वय वाढू नये असे टिळकांना वाटत होते असे नव्हे. त्यांचा मुद्दा असा की सुधारणा समाजाच्या आतून व्हावी, परक्या सरकारला आमच्या घरात हात घालू देऊ नये. आज हा युक्तिवाद आम्ही उर्दूत ऐकतो. शब्द वेगळे, वाक्य तेच. पर्सनल लॉची चर्चा निघाली की आमचे उलेमा जे बोलतात ते काही अरबस्तानातून आलेले विचित्र प्रकरण नाही. ते पुण्यात, मराठीत, उत्तम मराठीत छापून झालेले आहे. ज्यांना टिळक समजतात त्यांना आमचे मौलवीही समजायला हवेत, आणि ज्यांना आगरकर पटतात त्यांनी १९६६ चा हमीद दलवाईंचा मोर्चाही आपला मानायला हवा. त्या वर्षी १८ एप्रिलला मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकाविरुद्ध चालत गेल्या. फक्त सात.

टिळकांच्या म्हणण्यात एक सत्य होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. सरकार परके असले की त्याच्या उदार हाताचा संशय येतो, आणि तो नेहमीच खोटा नसतो. पण तो संशय कोणाच्या खात्यावर टाकायचा? टिळकांच्या हिशेबात तो दहा-अकरा वर्षांच्या मुलींच्या खात्यावर पडत होता. आगरकरांना खटकले ते हे. ते मिल आणि स्पेन्सर वाचून वाढलेले, म्हणजे मोकळे सोडण्याच्या पंथातले. तरीही ते सरकारी कायद्याच्या बाजूला गेले, कारण त्यांच्या लेखी 'मोकळे' कोणाला सोडायचे या प्रश्नाचे उत्तर 'समाजाला' असे नव्हते.

आता आमच्या शहराकडे येऊ. आज गारखेड्यात राहणाऱ्या पिढीला क्रीडा संकुल, सूतगिरणी चौक, शिकवण्यांचे फलक आणि इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बस एवढेच ठाऊक असते. पण १९४८ पर्यंत हे सगळे निजामाचे होते. राज्याची भाषा उर्दू. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. देशी भाषेत वैद्यक आणि अभियांत्रिकी शिकवण्याचे ते मोठे धाडस होते आणि त्याचा अभिमान आम्हांला आहे. परंतु मराठवाड्यातल्या मराठी मुलाला ती देशी भाषा परकीच होती. त्याला वरच्या इयत्तेत जायचे तर उर्दूतून जावे लागे. अशा वेळी १९१५ मध्ये औरंगाबादेत सरस्वती भुवन ही संस्था उभी राहिली आणि मराठी मुलांना आसरा मिळाला. त्या काळी या मंडळींना काय हवे होते? सरकारची उदारता नको होती. आम्हांला आमच्या भाषेत आमची शाळा चालवू द्या, परवानग्यांच्या फेऱ्यात अडकवू नका, एवढेच. हा शुद्ध लॉकचा उदारमतवाद आहे, आझादीचा. १९५० मध्ये संविधानाच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढण्याचा व चालवण्याचा जो हक्क दिला तो याच जातीचा आहे. आमच्या शहरात तो आधी मराठी माणसाला हवा होता, नंतर उर्दूला हवासा झाला. राज्य बदलले की कोणाला कोणता उदारमतवाद आठवतो हेही बदलते, आणि हे आमच्या हिंदू मित्रांना सांगताना आम्हांला मुळीच संकोच वाटत नाही. तेही हसून कबूल करतात.

त्याच १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत जे महाविद्यालय सुरू केले ते पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी जुन्या उदारमतवादाच्या वर्मावर बोट ठेवले होते. सरकारने हात काढून घेतला की स्वातंत्र्य येते म्हणतात, पण कोणाला? जमीनदाराला खंड वाढवण्याचे, कारखानदाराला मजुरी कापण्याचे. सरकारचा ताबा सुटला की तिथे खासगी मालकाची हुकूमशाही येते, हा त्यांचा रोख. आणि तरीही त्याच माणसाने संविधानात व्यक्तीच्या हक्कांना सरकारविरुद्ध कोर्टात जाण्याची वाट ठेवली. त्यांना दोन्ही हवे होते.

दोन्ही हवे असणे म्हणजे गोंधळ नव्हे, हे पाहायचे तर १९७२ च्या दुष्काळाच्या आसपासचे दोन सरकारी निर्णय शेजारी ठेवावेत. एक रोजगार हमी योजना. वि. स. पागे यांची ही कल्पना. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खेड्यातल्या कोणत्याही प्रौढाने अंगमेहनतीचे काम मागितले तर ते देणे सरकारवर बंधनकारक. दुसरा निर्णय कापूस एकाधिकार खरेदीचा. शेतकऱ्याने आपला कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. दोन्ही योजना गरिबांच्या नावाने, दोन्हींत सरकारचा हात मोठा. पण रोजगार हमीने मजूर बाईला बागायतदाराला 'एवढ्या मजुरीत येत नाही' असे सांगण्याची सोय दिली. एकाधिकाराने शेतकऱ्याचीच 'नाही' म्हणण्याची सोय काढून घेतली. सीमेपलीकडे भाव जास्त असला तर आपलाच कापूस नेणारा माणूस गुन्हेगार ठरू लागला. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून त्याविरुद्ध रान उठवले. आम्हांला सूट-सबसिडी नको, आमच्या मालाला मोकळी वाट द्या, हे त्यांचे म्हणणे जुन्या उदारमतवाद्याचे होते आणि कापसाच्या बाबतीत ते रास्त होते. रोजगार हमीच्या बाबतीत फुल्यांची वाट रास्त होती. सरकार किती मोठे, हे मोजून दोहोंचा निकाल लागत नाही. कोणाला 'नाही' म्हणता येऊ लागले आणि कोणाला म्हणता येईनासे झाले, हे पाहावे लागते.

या रोजगार हमीसाठी १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. आमच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाला अडीच हजार रुपये त्या रकान्यात दिसतात. स्टाफरूममध्ये या रकान्यावर दर वर्षी कुरकुर होते. लॉकच्या चष्म्यातून ती बरोबर आहे. आमच्या कमाईला आमच्या परवानगीशिवाय हात लागला. पण मुसलमानाला हे नवे वाटू नये. मराठीत 'जकात' म्हटले की बंद पडलेला नाका आणि पावती आठवते. आमच्या घरात जकात म्हणजे साठवलेल्या संपत्तीतला शेकडा अडीचचा वाटा, जो देणाऱ्याचा उपकार नसून घेणाऱ्याचा हक्क आहे. खैरात मर्जीची, जकात फर्ज. आधुनिक उदारमतवाद हॉबहाउसकडून शिकायच्या आधी आमच्या आजीच्या हिशेबाच्या वहीत होता, असे म्हटले तर विद्वान रागावतील. एवढे मात्र खरे की गरिबाचा वाटा हा हक्क आहे ही गोष्ट आमच्या समाजाला समजावून सांगावी लागत नाही.

समजावून सांगावी लागते ती दुसरी गोष्ट, आणि हा लेख खरे तर तिच्यासाठी आहे. आमचा समाज दोन्ही उदारमतवाद वापरतो. सरकार दाराशी आले की जुना काढतो: कलम ३०, आमची संस्था, आमचा शरियत कायदा, हात लावू नका. काही मागायचे असले की नवा काढतो: २००६ चा सच्चर अहवाल, २०१३ चा महमूदुर रहमान समितीचा अहवाल, २०१४ मध्ये अध्यादेशाने मिळालेले आणि पुढे हवेत विरलेले पाच टक्के आरक्षण. यावर दुटप्पीपणाचा आरोप होतो. तो आम्हांला मान्य नाही. कमकुवत माणसाला कुंपणही लागते आणि आधारही लागतो. बाबासाहेबांनाही दोन्ही हवे होते. आणि सरकारचा अनुभव असा की २०२२-२३ पासून अल्पसंख्य समाजातल्या पहिली ते आठवीच्या मुलांची केंद्राची शिष्यवृत्ती बंद झाली. कारण दिले गेले ते शिक्षण हक्क कायद्याचे. आठवीपर्यंत शिक्षण मोफत आहेच, मग वेगळे पैसे कशाला? वर्षाला हजार रुपयांच्या आसपासची रक्कम ती. त्यासाठी आयांनी बँकेत खाती उघडली होती, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगा लावल्या होत्या. उदार कायद्याचा आधार घेऊन उदार हात मागे घेतला गेला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवल्यावर २०१९ मध्ये त्याच गोष्टीसाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंगाचा कायदा आला, तेव्हा सोडलेल्या बाईच्या पोटगीची आणि डोक्यावरच्या छपराची काळजी त्यात किती आणि नवऱ्याच्या अटकेची हौस किती, असा प्रश्न आमच्या वस्तीत विचारला गेला. संशयाला कारणे आहेत.

अडचण वेगळीच आहे. लॉक, मिल, ग्रीन, हॉबहाउस, आगरकर, आंबेडकर यांची भांडणे काहीही असोत, एका गोष्टीवर ते सगळे एक आहेत: स्वातंत्र्य असते ते व्यक्तीला. संस्थेला, जमातीला, घराण्याला ते मिळते तेही त्यांच्यातल्या व्यक्तींसाठी. आमचा समाज दोन्ही युक्तिवाद उचलतो आणि ही पायरी गाळतो. 'आम्हांला मोकळे सोडा' म्हणताना 'आम्ही' म्हणजे संस्थाचालक असतात. 'आम्हांला द्या' म्हणताना 'आम्ही' म्हणजे कौम असते. मधली मुलगी कुठेच नसते.

ती मुलगी आमच्या ओळखीची आहे, कारण ती प्रत्येक उर्दू शाळेत आहे. आठवी झाली. वस्तीतली शाळा तिथेच संपते. पुढचे उर्दू हायस्कूल जुन्या शहरात. गारखेड्याच्या बाजूने जायचे तर शहर ओलांडून, रिक्षाने, रोज दोन वेळा. तिला कोणीही अडवलेले नाही. कोणत्याही कायद्याने, कोणत्याही फतव्याने नाही. बापही म्हणतो, "मी कुठे मना केले?" जुन्या उदारमतवादाच्या परीक्षेत ती शंभर टक्के स्वतंत्र आहे. आणि ती घरी बसली आहे. रिक्षाचे भाडे नाही, सोबतीला दुसरी मुलगी नाही, धाकट्या भावासाठी इंग्रजी शाळेची फी भरून झाली आहे. तिच्यासाठी ग्रीनचा प्रश्न विचारावा लागतो: तिला काय करता येते? याचे उत्तर सरकारकडे मागायला हवे हे खरे. नववी-दहावीचा वर्ग त्याच वस्तीत का नाही, बस का नाही. पण कलम ३० च्या छत्राखाली चालणाऱ्या संस्थांकडेही मागायला हवे.

त्या संस्थांची गोष्ट थोडी तपशिलाने सांगावी लागेल. २००९ चा शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला. खासगी शाळांनी पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांना द्याव्यात, शिक्षकांनी पात्रता परीक्षा द्यावी, अशा त्याच्या अटी. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने प्रमती प्रकरणात अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून बाहेर ठेवले. आमच्याकडे आनंद झाला. कुंपण शाबूत राहिले. पुढे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये देशभरातल्या अल्पसंख्य शाळांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत या शाळांतली सुमारे साडेबासष्ट टक्के मुले अल्पसंख्य समाजाची नव्हतीच, आणि दुर्बल घटकांतल्या मुलांचे प्रमाण नऊ टक्क्यांहूनही कमी होते. आयोगाचा हेतू काय होता यावर वाद घालता येईल. पण आकडा पाहिल्यावर वस्तीतल्या उर्दू शाळेचा चेहरा डोळ्यांपुढे येत नाही. येतो तो मोठ्या फाटकाची, भरपूर फीची, इंग्रजी नावाची शाळा. कुंपण गरीब मुलासाठी घातले होते. त्याच्या आत बाग कोणाची फुलली?

आणि अनुदानित वस्तीशाळांतही सगळे आलबेल नाही. शिक्षकाच्या जागेसाठी 'डोनेशन'चा आकडा ऐकलेला नाही असा डी.एड., बी.एड. झालेला तरुण मराठवाड्यात शोधूनही मिळणार नाही, आणि हा रोग एका धर्माच्या संस्थांचा नाही. फरक एवढाच की आमच्याकडे त्यावर बोलले की कौमच्या संस्थेची बदनामी होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच, केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना, संस्था चालवण्याच्या हक्कात ती वाईट चालवण्याचा हक्क येत नाही असे म्हटले होते. संस्थाचालकांच्या जलशात हे वाक्य कोणी काढत नाही.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र या प्रकरणात निकाल दिला. सेवेत असलेल्या, पाच वर्षांहून अधिक नोकरी शिल्लक असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असे त्यांनी सांगितले. अल्पसंख्य शाळांना ते लागू करायचे का, आणि प्रमती निकालाचा फेरविचार व्हावा का, हा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे पाठवण्यात यावा असे म्हटले. त्या दिवसापासून उर्दू शाळांच्या स्टाफरूममध्ये दुसरा विषय नाही. बहुतेकांचे म्हणणे असे की ही कलम ३० वर चाल आहे. पंधरा वर्षे शिकवून झाल्यावर आता आम्ही पात्र आहोत की नाही हे कोण ठरवणार, हा रागही खोटा नाही; त्या रागात हिंदू, मुसलमान, सगळे शिक्षक एकत्र आहेत.

आमचे मत थोडे वेगळे आहे आणि ते सहकाऱ्यांना आवडत नाही. शाळा आमची असावी, तिची भाषा आमची असावी, मुख्याध्यापक कोण हे संस्थेने ठरवावे. शिक्षकाला गणित येते की नाही, हे मात्र संस्थेचे खासगी प्रकरण नाही. ते त्या मुलीचे प्रकरण आहे. मिलने शाळा लोकांच्या आणि परीक्षा सरकारची अशी जी वाटणी केली होती तीत फक्त विद्यार्थ्याच्या जागी शिक्षक घातला की झाले. महाराष्ट्राची पात्रता परीक्षा उर्दू माध्यमातूनही देता येते, तेव्हा भाषेचे कारणही पुरत नाही.

मात्र एकट्या मिलवर सरकारला सुटू देऊ नये. परीक्षा घ्यायची तर फुल्यांची बाजूही पूर्ण करावी: रिकाम्या जागा भराव्यात, उर्दू पुस्तके जूनमध्येच हातात द्यावीत, सेवेतल्या शिक्षकाला परीक्षेआधी प्रशिक्षण द्यावे, आठवीवर तुटणाऱ्या शाळांना नववी-दहावी जोडावी, आणि ती बंद केलेली शिष्यवृत्ती. मोठ्या पीठापुढे सुनावणी होईल तेव्हा आमच्या संस्थांचे वकील कलम ३० मांडतील आणि सरकारचे वकील कलम २१-क मांडतील. आमच्या संघटनेने या मागण्यांचे निवेदन तयार करून ठेवावे असे आम्ही गेल्या बैठकीत सुचवले. परीक्षेला विरोध हा ठराव आधी, निवेदन नंतर, असे ठरले.